गाण्यामागची गिटार

१. प्रश्न मांडतानाच होणारी गफलत

एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे वाजवणारा गिटारवाला भारी, की रिकी नेल्सनच्या मागचा? ‘दम मारो दम’ची गिटार सरस, की ‘एक हसीना थी’ची? गाण्याची आवड असलेली चार माणसं जमली की असे प्रश्न निघतातच. उत्तरही ठरलेलं असतं: ज्याची बोटं जास्त जोरात पळतात, ज्याला जास्त अवघड वाजवता येतं, तो मोठा. एकट्यानेच मैफल करणाऱ्याला ही कसोटी काही अंशी लागू पडेल. साथीला बसलेल्याला ती लावली की हिशेब चुकतो. मराठी रसिकाला हे खरं तर नव्याने सांगायला नको. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसत. थिरकवाँ स्वतंत्र तबल्याचेही बादशहा होते, पण बालगंधर्वांच्या पदामागची त्यांची साथ कायदे-रेले किती वाजवले यावर कोणी मोजली नाही. पद किती खुललं, हे पाहिलं गेलं. तबल्याच्या बाबतीत सहज कळणारी ही गोष्ट गिटारच्या बाबतीत आपण विसरतो, कारण गिटार हे वाद्यच आपल्याकडे नायकाच्या हातात दिसतं.

या प्रकरणात मांडायचा मुद्दा एकच आहे. साथीदाराचं मोल ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात: मुख्य गायकाच्या गाण्यात काय कमी होतं, ती उणीव साथीदाराने कशाने भरली, आणि त्याचा तुकडा काढून टाकला तर गाण्याचं काय उरतं. या तीन प्रश्नांवर १९५०च्या दशकातल्या अमेरिकेतले पाच आणि नंतरच्या मुंबईतले तीन गिटारवादक तपासून पाहू. नावाजलेल्या क्रमवारीत त्यामुळे बरीच उलथापालथ होते.

२. साथीची गिटार नेमकं काय करते?

तुलनेआधी कामाची ओळख हवी. साथीची गिटार ढोबळमानाने चार कामं करते. पहिलं काम ठेका धरण्याचं. तीन-चार स्वर एकदम छेडले की ‘कॉर्ड’ होते. अशा कॉर्ड लयीत छेडत राहणं म्हणजे ‘रिदम’. दुसरं काम गायकाच्या दोन ओळींमधली जागा भरण्याचं. गायक श्वास घेतो तेवढ्यात एक छोटी सुरावट येऊन जाते, तिला वादक ‘फिल’ म्हणतात. तिसरं ‘रिफ’चं. ही चार-सहा स्वरांची ठाशीव सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावरूनच गाणं ओळखू येतं. चौथं काम सोलोचं, म्हणजे गायक थांबतो आणि थोडा वेळ गिटारच पुढे येते. रसिकाचं लक्ष चौथ्या कामावर खिळतं, पण गाण्यातला बहुतेक वेळ पहिल्या तीन कामांत जातो.

यातलं खरं कसब कशात असतं, ते बागलाणातल्या वाचकाला फड पद्धतीवरून चटकन कळेल. नामपूरजवळून वाहणाऱ्या मोसमवर, तसंच आरम आणि पांझरा या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी खेळवायची ही जुनी रीत. तिच्यात बारेकरी नावाचा माणूस असे. पाणी त्याच्या मालकीचं नाही, पीकही त्याचं नाही. कोणत्या वाफ्याला कधी दारं फोडायचं आणि कधी बंद करायचं, एवढंच त्याच्या हाती. दारं वेळेवर बंद करणं हे फोडण्याइतकंच मोठं काम, कारण पुढचा वाफा कोरडा राहिला तरी नुकसान आणि हा तुंबला तरी नुकसान. साथीदाराचं असंच असतं. त्याने वाजवलेले स्वर ऐकू येतात, पण त्याने न वाजवता सोडलेल्या जागाही त्याच्याच कामात धरायला हव्यात.

३. ड्रम नसलेलं त्रिकूट: स्कॉटी मूर

५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत तीन माणसं जमली होती: गायला एल्व्हिस प्रेस्ली, मोठ्या उभ्या बासवर बिल ब्लॅक आणि विजेच्या गिटारवर स्कॉटी मूर. ड्रम वाजवणारा कोणी नव्हता. ठरवलेली गाणी जमेनात. मग मधल्या विश्रांतीत एल्व्हिसने आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ हे जुनं गाणं गमतीत सुरू केलं, बाकीचे दोघे त्यात सामील झाले आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने तेच पुन्हा वाजवायला लावून ध्वनिमुद्रित केलं. आता पहिला प्रश्न विचारू: इथे काय कमी होतं? ठेका कमी होता आणि भरणाही. तीन माणसांत अख्खा वाद्यवृंद उभा करायचा होता.

मूरने ही उणीव कशी भरली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्याने चेट ॲटकिन्स आणि मर्ल ट्रॅव्हिस यांच्याकडून एक पद्धत उचलली होती. अंगठ्यात नखी घालून खर्जाच्या तारा एकाआड एक छेडत राहायच्या आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर सुरावट काढायची. म्हणजे एकाच हाताचा अंगठा ठेका धरतो आणि बोटं गाण्याला उत्तरं देतात. एका गिटारमध्ये दोन वादक बसवले, म्हणा ना. त्यात सॅम फिलिप्सने टेपच्या साहाय्याने एक झटपट उमटणारा प्रतिध्वनी मिसळला. त्याला ‘स्लॅपबॅक’ म्हणतात. त्यामागचं गणित सोपं आहे. टेप यंत्रात आवाज मुद्रित करणारं डोकं आणि तो ऐकवणारं डोकं यांत अंतर असतं. समजा हे अंतर २ इंच आहे आणि टेप सेकंदाला १५ इंच सरकते. मग ऐकवलेला आवाज २ भागिले १५, म्हणजे सुमारे ०.१३ सेकंद उशिरा येईल. एवढा उशीर कानाला लगेच उमटलेला वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवतो आणि त्यामुळे तीन माणसांचा आवाज भरदार होतो. पुढे १९५५ मध्ये मूरने रे बट्स या कारागिराकडून असा प्रतिध्वनी देणारा ॲम्प्लिफायरच घेतला, त्यामुळे स्टुडिओतला आवाज रंगमंचावरही देता येऊ लागला.

आता मूर काढून टाका. मागे एक गोड गळ्याचा मुलगा आणि बासची थाप उरेल. गाणं मरणार नाही, पण पुढे ज्याला जग ‘रॉक अँड रोल’ म्हणू लागलं तो पोत उरणार नाही. मूरची बोटं त्याच्या समकालीनांपेक्षा वेगवान नव्हती. त्याने गरज अचूक ओळखली, यात त्याचं मोठेपण आहे. मोबदल्याचं सांगायचं तर, एल्व्हिस लाखो डॉलर कमावू लागल्यावरही मूर आणि ब्लॅक यांना दौऱ्यावर आठवड्याला २०० आणि घरी असताना १०० डॉलर मिळत. १९५७च्या सप्टेंबरात दोघांनी काम सोडलं.

४. सोळा सेकंदांचा वादक आणि वर्षभराचा वादक

‘रॉक अराउंड द क्लॉक’ १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. गायक बिल हेली, गिटारवर डॅनी सेड्रोन. सेड्रोन हेलीच्या ‘कॉमेट्स’चा कायमचा सदस्य नव्हता, त्या दिवसापुरता बोलावलेला वादक होता. त्या कामाचे त्याला २१ डॉलर मिळाले. त्यातला गाजलेला सोलो बारा आवर्तनांचा, दर आवर्तनात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. गाण्याची लय मिनिटाला साधारण १८० मात्रांची. ४८ भागिले १८० केलं की उत्तर येतं सोळा सेकंद. या सोळा सेकंदांत वेगवान तानेसारखा उतरत जाणारा तो तुकडा ऐकून कित्येक मुलांनी गिटार हातात घेतली. सेड्रोनने तो त्या दिवशी नव्याने रचलाही नव्हता. १९५२ मध्ये हेलीच्याच ‘रॉक द जॉइंट’मध्ये त्याने तो वाजवला होता, तोच इथे पुन्हा बसवला. १७ जून १९५४ रोजी जिन्यावरून पडून सेड्रोन वारला. एका चित्रपटामुळे हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते १९५५च्या जुलैत.

क्लिफ गॅलपची गोष्ट वेगळी आहे. १९५६च्या मे महिन्यात जीन व्हिन्सेंटचं ‘बी-बॉप-अ-लुला’ नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. कंपनीचा निर्माता केन नेल्सन याला या नवख्या मंडळींचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने शहरातले पट्टीचे स्टुडिओ वादक तयार ठेवले होते. गॅलपचं वादन ऐकल्यावर त्यांची गरज पडली नाही. तो अंगठा आणि तर्जनीत पट्टी धरत असे आणि मधल्या दोन बोटांत नख्या घालत असे, त्यामुळे दूरदूरच्या तारा एकदम छेडणं त्याला जमे. सुमारे पस्तीस गाणी वाजवून त्याच वर्षी त्याने हा व्यवसाय सोडला आणि पुढे व्हर्जिनियातल्या चेसापीक शहराच्या शाळाखात्यात नोकरी केली. इंग्लंडचा नामवंत गिटारवादक जेफ बेक याने १९९३ मध्ये एक अख्खा आल्बम गॅलपच्या वादनाला वाहिला.

दोघांना आपली कसोटी लावू. सेड्रोनचा सोलो काढला तरी हेलीचं गाणं चालतं, कारण ठेका आणि शब्द भक्कम आहेत. त्याने उणीव भरली नाही, गाण्यावर कळस चढवला. गॅलपच्या बाबतीत तसं नाही. व्हिन्सेंटचा आवाज कुजबुजता, दबका आहे. त्या आवाजाला ज्या धारेची गरज होती ती गॅलपच्या गिटारने पुरवली. म्हणून कारागिरीत दोघे तोडीस तोड असले, तरी साथीदार म्हणून गॅलप वरचढ ठरतो.

५. थोडं येणारा आणि पुष्कळ येणारा

कसोटीची खरी परीक्षा ल्यूथर पर्किन्सवर होते. जॉनी कॅशच्या मागे वाजवणारा हा माणूस मूळचा मोटार मेकॅनिक. त्याला फारसं वाजवता येत नव्हतं, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य आहे. खालच्या तारांवर एकेक स्वर, तळव्याने किंचित दाबून, रेल्वे रुळावरून जावी तसा सारखा: एवढीच त्याची चाल. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ (१९५५) आणि ‘आय वॉक द लाइन’ (१९५६) ऐकताना ते लगेच लक्षात येतं. कॅशचा आवाज अतिशय खोल, खर्जातला. त्यामागे कोणी चपळ तानबाजी केली असती तर आवाजाचं गांभीर्य सांडलं असतं. पर्किन्सच्या मर्यादेमुळेच कॅशची शैली घडली. ती चाल काढली तर कॅश ओळखूच येत नाही. वेगाच्या मोजपट्टीवर तळाला जाणारा वादक इथे मूरच्या शेजारी बसतो.

याच्या उलट टोकाला जेम्स बर्टन. १९५७ मध्ये डेल हॉकिन्सच्या ‘सुझी क्यू’ची रिफ वाजवली तेव्हा त्याला अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. पुढे तो रिकी नेल्सनच्या मागे आला. १९६१च्या ‘हॅलो मेरी लू’मधला त्याचा सोलो वादक आजही बसवतात. त्याने गिटारच्या वरच्या तारा काढून तिथे बँजोच्या बारीक तारा लावल्या, म्हणजे बोटाने तार ओढून स्वर वर चढवणं सोपं झालं. आपल्या सतारीवर मींड घेतात, साधारण तसाच हा प्रकार. १९६९पासून १९७७पर्यंत तो एल्व्हिसकडे होता. मूरच्या काळातल्या एल्व्हिसला भरणा हवा होता. बर्टनच्या काळात मागे ड्रम, पियानो, गायकांचे ताफे, वाद्यवृंद असं सगळंच होतं. तिथे बर्टनने कमी वाजवलं, मोक्याच्या जागी वाजवलं. एवढं येत असूनही हात आखडता घेणं पर्किन्सपेक्षा अवघड, कारण पर्किन्सपुढे मोहच नव्हता.

६. मुंबईत हे वेगळं का घडलं?

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार रॉक अँड रोलच्या आधीपासून होती, पण ती बहुधा हवाईयन गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी फिरवत वाजवतात, त्यामुळे स्वर घसरत जातो आणि गळ्यासारखी मींड निघते. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या विजेच्या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या खूप खपल्या. तिथे गिटारने गायकाचीच जागा घेतली. उभी धरून पडद्यांवर बोटं दाबत वाजवायची ‘स्पॅनिश गिटार’ पाश्चात्त्य ठेक्याबरोबर पुढे आली. त्या ठेक्याची वाट तयार करणाऱ्यांत पुणतांब्याचे सी. रामचंद्र अग्रभागी होते. ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतली गाणी याची साक्ष देतात.

मेम्फिस आणि मुंबई यांत कामाची पद्धतच निराळी होती. मेम्फिसला तिघे चौघे एकत्र वाजवत गाणं घडवत. मुंबईत संगीतकार चाल देई, अरेंजर वाद्यांची मांडणी लिहून काढी. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा करत. मग मोठा ताफा गायकाबरोबर एकाच वेळी वाजवी आणि एकाची चूक झाली तर सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागे. गिटारवादक या यंत्रणेतला एक भाग होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नसे आणि पडद्यावर गिटार दिसे ती नटाच्या गळ्यात. म्हणून आपल्याकडे ‘ही गिटार कोणाची’ हा प्रश्नच उशिरा विचारला गेला.

तीन नावं घेऊ. ‘तीसरी मंझिल’ (१९६६) या राहुलदेव बर्मन यांचं संगीत असलेल्या चित्रपटातल्या गाण्यांत लीड गिटार वाजवली ती दिलीप नाईक यांनी. शम्मी कपूरच्या उसळत्या अंगविक्षेपांना आणि रफींच्या मोकळ्या आवाजाला टोकदार, पाश्चात्त्य धार हवी होती. ड्रम आणि ब्रासच्या गर्दीतून वाट काढत ती धार देणं हे नाईकांचं काम. दुसरे भूपिंदर सिंग. ‘दम मारो दम’ (१९७१) आणि ‘चुरा लिया है’ (१९७३) यांतली गिटार त्यांची. पहिल्या गाण्यात सुरुवातीचे मोजकेच स्वर ऐकणाऱ्याला एका धुंद जगात नेऊन सोडतात. दुसऱ्यात काचेवरच्या टिचक्यांनंतर येणाऱ्या कॉर्ड अगदी साध्या आहेत. भूपिंदर स्वतः गायक होते. गायकाला कुठे जागा लागते हे त्यांना आतून ठाऊक होतं आणि ते वाजवण्यात दिसतं. तिसरे गोरख शर्मा, संगीतकार प्यारेलाल यांचे बंधू. ‘कर्ज’ (१९८०) मधल्या ‘एक हसीना थी’ची गिटार त्यांची. त्या चित्रपटात तीच सुरावट नायकाला मागच्या जन्माची आठवण करून देते. इथे काढून टाकण्याची कसोटी लावली तर गाणंच काय, चित्रपटाची कथाही कोसळते. वरातीतली बँजो पार्टी हा तुकडा वाजवते तेव्हा शब्द नसूनही गाणं ओळखू येतं, हा त्याचा आणखी एक पुरावा.

७. घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप: मुख्य गायक तारा होता म्हणून साथीदाराला कोणी ऐकलं, एल्व्हिस नसता तर मूर कोणाला माहीत झाला असता? हे खरंच आहे, पण त्याने मुद्दा खोडला जात नाही. इथे साथीदाराची तुलना ताऱ्याशी चाललेली नाही, साथीदाराची साथीदाराशी चालली आहे. प्रसिद्धी कोणामुळे मिळाली आणि काम कोणी केलं हे दोन वेगळे हिशेब आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मुंबईचे वादक दुसऱ्याने लिहिलेलं वाजवत, मग श्रेय अरेंजरचं किंवा संगीतकाराचं का नाही? ‘एक हसीना थी’ची सुरावट सुचवण्याचं श्रेय गोरख शर्मांना देता येणार नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पण कागदावर स्वर आणि त्यांची लांबी लिहिता येते. तारेवर नखी किती जोराने पडावी, स्वर ठेक्याच्या केसभर मागे ठेवावा की अगदी अंगावर, तार दाबल्यावर किती थरथरावी, हे लिहिता येत नाही. आणि ऐकणाऱ्याच्या मनात राहतं ते हेच. थिरकवाँ वाजवत तो ठेकाही त्यांनी शोधलेला नव्हता. म्हणून मुंबईच्या वादकांना रचनेचं श्रेय कमी आणि वाजवण्याचं श्रेय पूर्ण द्यावं. मूर आणि गॅलप यांना दोन्ही द्यावीत. सेड्रोनचा सोलो जुना असला तरी त्याचा स्वतःचा होता, म्हणून त्यालाही.

तिसरा आक्षेप: वेग मोजता येतो, ‘उणीव भरली’ हे कसं मोजणार? ते मतावरच चालायचं. यावर उत्तर असं, की काढून टाकण्याची कसोटी प्रत्यक्षात घेता येते. त्याच गाण्याच्या दुसऱ्या वादकांनी केलेल्या आवृत्त्या उपलब्ध असतात. ज्या आवृत्तीत मूळ गिटारचा तुकडा जसाच्या तसा ठेवावा लागतो, तिथे तो तुकडा गाण्याचा अवयव झाला, असं समजायला हरकत नाही. जिथे तो बदलून चालतो तिथे तो दागिना. अंशाअंशाचं माप यातून मिळणार नाही, पण मतामतांची मारामारी बरीच आटोक्यात येते.

८. मग निकाल काय?

या कसोटीवर अमेरिकेच्या पाच जणांत मूर पहिला येतो, कारण त्याच्यापुढची उणीव सर्वांत मोठी होती आणि त्याने ती एकट्या हाताने भरली. त्याच्या लगोलग पर्किन्स, आणि हा निकाल वेगवान बोटांच्या चाहत्यांना रुचणार नाही. मग गॅलप, नंतर बर्टन. बर्टन पाचांत सर्वांत हुशार वादक असेलही, पण त्याच्या काळात एल्व्हिस आधीच उभा होता. सेड्रोन शेवटी, आणि तरीही त्याचे सोळा सेकंद या पाचांतले सर्वांत जास्त नक्कल झालेले असतील. मुंबईच्या तिघांत गोरख शर्मांचा तुकडा सर्वांत अपरिहार्य, पण त्याचं बरंचसं बळ कथेतून आलेलं आहे. निव्वळ साथीची समज पाहिली तर भूपिंदर सिंगांना पहिलं स्थान द्यावं लागेल. त्यांनी एका गाण्यात रिफ दिली, दुसऱ्यात केवळ कॉर्ड, आणि दोन्ही ठिकाणी गाण्याने मागितलं तेवढंच दिलं. नाईकांनी दिलेली धार मोलाची आहे, पण त्या गाण्यांत ड्रम आणि ब्रासही तितकेच भक्कम वाटेकरी आहेत.

हा क्रम कोणी बदलला तरी चालेल, पद्धत मात्र तीच ठेवावी. आवडतं गाणं तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त गायक ऐका आणि त्याच्या आवाजात काय नाही ते ठरवा. दुसऱ्यांदा फक्त गिटार ऐका आणि ती कुठे गप्प बसते ते टिपा. तिसऱ्यांदा मनातल्या मनात गिटार वगळून गाणं गुणगुणून पाहा. या तिन्ही वेळा जे हाती लागेल त्यावर दोन गिटारवाल्यांची तुलना करता येते, आणि त्यासाठी स्वतःला एकही कॉर्ड वाजवता यायची गरज नसते.